गाडीत गाणी कोणाची लावायची?

मागच्या अंकात सहज विचारलं होतं की घरात गाण्यांवरून कोणाकोणाचं वाजतं, तर पत्रं आणि मेल बघून असं वाटायला लागलंय की मालमत्तेच्या वादांपेक्षा ब्लूटूथचे वाद जास्त असावेत. सगळी छापणं शक्य नाही. काही निवडलीत, थोडी कापलीत, नावं गाळलीत.

आम्ही पुण्यात राहतो, सासर कोल्हापूर. महिन्या-दोन महिन्यांनी गाडीने जाणं होतं. गाडी नवरा चालवतो आणि ब्लूटूथ त्याच्याच फोनला, त्यामुळे पुणे ते कोल्हापूर नुसता कुमार सानू. मला जरा शांत, गिटारवालं आवडतं, इंग्लिशसुद्धा चालतं. मी काही लावलं की अर्ध्या मिनिटात 'हे काय रडगाणं' म्हणून नेक्स्ट. सासूबाई सोबत असल्या की त्यांना अभंग. मुलगा हेडफोन घालून बसतो त्याचं वेगळंच. काय करू? — वैतागलेली, कोथरूड

ताई, आधी नवऱ्याची बाजू थोडी घेतो, रागावू नका. 1991 ते 95 सलग पाच वर्षं बेस्ट सिंगरचं फिल्मफेअर एकट्या कुमार सानूला मिळालंय, आणि तुमचे अहो त्या काळात शाळा-कॉलेजात असतील तर ती गाणी त्यांनी ऐकलेली नाहीत, ती त्यांच्या अंगावर पडलीयेत, एसटी स्टँडवर, सलूनमध्ये, शेजारच्या टेपवर, गणपतीच्या मांडवात. साधारण दहा ते तीस वयातल्या आठवणी माणसाला उरलेल्या आयुष्यापेक्षा जास्त घट्ट चिकटतात हे मानसशास्त्रवाल्यांनी पुन्हा पुन्हा दाखवलंय. म्हणजे त्यांना गाणं नकोच आहे, त्यांना ते वय हवंय. त्याच्याशी तुम्ही वाद घालून जिंकणार नाही.

पण म्हणून साडेचार तास सानू हा काही न्याय नाही. तुमच्या रस्त्यावर टोलनाके आहेत ना, खेड शिवापूर, आणेवाडी, तासवडे, किणी. वाटणी तयारच आहे. पुण्यातून निघालात की खेड शिवापूरपर्यंत नवरा, कारण ट्रॅफिकमध्ये ड्रायव्हरचं डोकं शांत राहायला हवं. तिथून आणेवाडीपर्यंत तुम्ही, खंबाटकी घाट तुमच्या वाट्याला येतो आणि घाटात गिटार छान लागते. आणेवाडी ते तासवडे सासूबाईंचे अभंग. तासवडे ते किणी मुलगा, हेडफोन काढून, स्पीकरवर, हे महत्त्वाचं. किणी ते कोल्हापूर गप्पा. अट एकच, दुसऱ्याच्या पट्ट्यात नेक्स्ट दाबायचं नाही आणि तोंडही वाकडं करायचं नाही. सासूबाई नसतील तेव्हा त्यांचा पट्टा कोणाचा यावरून परत भांडण होईल ते मला कळतंय, ते तुम्ही बघा.

आणि अर्ध्या मिनिटात नेक्स्ट हाच खरा आजार आहे. शांत गाण्याला सुरू व्हायलाच अर्धा मिनिट लागतो.

माझी मुलगी नववीत आहे. दिवसभर कोरियन गाणी. एक अक्षर कळत नाही तरी पाठ! वहीच्या मागच्या पानावर त्यांची लिपी लिहिते. भिंतीवर सात मुलांचं पोस्टर आहे, मला सातही सारखेच दिसतात. अभ्यासाचं एक वेळ ठीक, पण हिला आपली गाणी आवडणारच नाहीत का कधी? — एक आई, नाशिक

2012 साली लग्नाच्या वरातीत घोड्यावर बसल्यासारखे हात करून नाचला होतात का? गंगनम स्टाइल. तेही कोरियनच होतं, यूट्यूबवर शंभर कोटी व्ह्यूज गाठणारा पहिला व्हिडिओ तोच. तेव्हा अर्थ कोणी विचारला होता? मुलगी तेच करतेय, फक्त जास्त मन लावून.

सात मुलं म्हणजे बीटीएस असणार. 2020 च्या डिसेंबरमध्ये त्यांचं जवळपास पूर्ण कोरियन भाषेतलं गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत आल्या आल्या थेट पहिल्या नंबरवर बसलं, तिथल्या लोकांनाही अक्षर कळत नव्हतंच. आपण तरी लहानपणी अभंगातल्या किती ओळी समजून म्हणायचो.

एक करून बघा. त्यांच्या गाण्यांचे डान्स प्रॅक्टिसचे व्हिडिओ असतात, झगमगाटवाले नाही, साध्या हॉलमधले. कॅमेरा एका जागी ठेवलेला, मध्ये कुठेही कट नाही, साधे टीशर्ट, घामाने भिजलेले, बुटांचा फरशीवर चर्र आवाज येतो. मुलीला शेजारी बसवून विचारा की आता गातोय तो कोण, आणि मागच्या रांगेतला एकदम पुढे कसा आला. ती सांगेल, थांबवून थांबवून सांगेल. के-पॉपमध्ये गाण्याच्या ओळी वाटून दिलेल्या असतात, हा रॅप करणार, हा वरच्या पट्टीतलं गाणार, आणि मध्ये सूर थांबवून नुसता नाच. ज्याची ओळ तो मधोमध, ओळ संपली की लगेच बाजूला. एकदा हे दिसायला लागलं की सातही वेगळे दिसतात, माझ्या ओळखीच्या एका आजींना तर त्यातला रॅपवाला आवडतो, बाकीचे 'फार गोड गोड' आहेत म्हणे.

लिपीचं तर कौतुक करा हो. ती पंधराव्या शतकात सेजोंग नावाच्या राजाने सामान्य लोकांना शिकायला सोपी जावी म्हणून करवून घेतली, पोरीने स्वतःहून शिकली, ट्यूशन न लावता.

आपली गाणी आवडतील का, तर तुम्ही 'आपली गाणी ऐक' म्हणत राहिलात तर नाही. स्वयंपाक करताना तुम्ही स्वतःसाठी लावा आणि तिला ऐक म्हणू नका. बास.

बँकेत आहे, वय 52. खरं सांगू का, 2005 नंतर एकही गाणं मनात बसलेलं नाही. सगळी सारखीच वाटतात. मुलगा म्हणतो पप्पा तुमचा कान संपला. नवीन काही ऐकायची इच्छा आहे पण सुरुवात कुठून करायची कळत नाही, आणि खरंच पूर्वीसारखं संगीत राहिलंय का? — छत्रपती संभाजीनगर

साहेब, तुमचं पत्र सगळ्यात आवडलं, म्हणून उत्तर लांबणार आहे.

सारखीच वाटतात कारण ओळख नाही. लग्नात समोरच्या पक्षाचे सगळे मामा सारखेच दिसतात, दोन दिवस एकत्र काढले की कळतं कोणता मामा कसा आहे. रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1968 मध्ये एक साधा प्रयोग छापला, लोकांना अनोळखी चिनी अक्षरं आणि अर्थ नसलेले शब्द दाखवले, काही एकदाच, काही पुष्कळ वेळा, आणि मग विचारलं यातलं चांगलं काय वाटतं. जे जास्त वेळा समोरून गेलं होतं तेच लोकांना जास्त चांगलं वाटलं, आणि अर्थ तर कोणालाच माहीत नव्हता. गाण्याचंही बरंचसं असंच आहे, पहिल्यांदा ऐकताना कान नुसती वाट शोधत असतो, मजा तिसऱ्या-चौथ्या वेळेला यायला लागते, आणि तुम्ही पहिल्याच वेळेला निकाल देऊन मोकळे होताय. अति झालं की वीट येतो हेही खरं, एफएमवर दिवसातून दहा वेळा वाजणारं गाणं आठवा.

आता 'पूर्वीसारखं राहिलंय का'. हा प्रश्न पूर्वीसुद्धा होता. 1952 मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले, मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे पक्के, आणि त्यांना सिनेमाची गाणी म्हणजे थिल्लरपणा वाटायचा. आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळजवळ गायब झाली. लोकांनी काय केलं? सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षी तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली, अमीन सायानींचा आवाज घराघरात गेला, आणि शेवटी 1957 च्या 3 ऑक्टोबरला सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. म्हणजे ज्याला आज आपण सुवर्णकाळ म्हणून डोळे मिटून ऐकतो ते सगळं त्या काळात एका सुशिक्षित, सुसंस्कृत माणसाच्या लेखी कान बिघडवणारं होतं. तुमच्या मुलाच्या गाण्यांबद्दल आपण 2060 मध्ये काय म्हणू याचा नेम नाही (आपण असलो तर).

सुरुवात कुठून करायची, तर माझा सल्ला असा की 'टॉप 50' वगैरेच्या वाटेला जाऊच नका, तिथे तुम्ही पुन्हा बुजाल. जे आवडतं त्याचाच एक धागा पकडा आणि ओढत जा. उदाहरण देतो.

भगवानदादांचा 'अलबेला' आवडतो ना, 1951 चा? नसेल आवडत असं होणार नाही. संगीत सी. रामचंद्र, म्हणजे आपले रामचंद्र चितळकर, पुणतांब्याचे. याच माणसाने पुढे 1963 मध्ये 'ऐ मेरे वतन के लोगों' केलं, पण 'अलबेला'त मात्र ट्रम्पेट, बोंगो, क्लॅरिनेट, सगळा हॉटेलातला जॅझ मस्तीत घुसवलाय. 'शोला जो भड़के' परत लावा आणि या वेळेस गाण्याकडे नका लक्ष देऊ, मागच्या पितळी वाद्यांकडे द्या. तिथे चिक चॉकलेट आहे. गोव्याचा ट्रम्पेटवाला, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत स्वतःचा बँड घेऊन वाजवायचा आणि लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. त्या काळच्या हिंदी सिनेमातली ऑर्केस्ट्राची बाजू कितीतरी गोव्याच्या वादकांनीच सांभाळलीये, स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर सूर लिहायची पाश्चात्त्य पद्धत, मुख्यतः त्यांनाच लिहिता-वाचता यायची.

धागा गोव्याकडे गेला की पुढचं नाव ख्रिस पेरी आणि लॉर्ना. तो संगीतकार आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाला, ती गायिका, दोघं मिळून साठ-सत्तरच्या दशकात कोंकणी पॉप असं काही करून गेलेत की आजही गोव्यात लग्नात ती गाणी लागली की खुर्च्या रिकाम्या होतात. 'बेबदो' ऐका, म्हणजे बेवडा, निम्मी कोंकणी तुम्हाला न सांगता कळेल. लॉर्नाचा आवाज जाड, ठसठशीत, हिंदीतल्या बारीक आवाजाची सवय असेल तर पहिल्यांदा दचकायला होतं, तीन वेळा ऐका. पुढे दोघांचं फिसकटलं आणि ती वीसेक वर्षं गाण्यापासून लांब राहिली, मग नव्वदीत परत उभी राहिली. 2014 चा 'नाचूंया कुंपासार' हा कोंकणी सिनेमा या दोघांवरूनच सुचलेला आहे, गाणीही त्यांचीच.

आता गोव्यात आलोच आहोत तर अजून एक उडी मारा. 1961 पर्यंत गोवा पोर्तुगीजांकडे होता, तसंच आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात केप व्हर्डे नावाची बेटं 1975 पर्यंत त्यांच्याकडे होती. तिथली सेझारिया एव्होरा. स्टेजवर अनवाणी उभी राहायची, मध्येच बसून सिगरेट ओढायची, तरुणपणी बंदरातल्या बारमध्ये गायली आणि जगाला कळली ती पन्नाशीला आल्यावर, 1992 च्या 'मिस परफुमादो' अल्बमनंतर, म्हणजे साधारण तुमच्याच वयात. त्यातलं 'सोदादे' लावा. गाव सोडून दूर बेटावर मजुरीला जावं लागलेल्या लोकांचं गाणं आहे, भाषा तिथली क्रिओल, म्हणजे पोर्तुगीज आणि आफ्रिकी भाषांची सरमिसळ, कळणार काही नाही, चाल हळू, एका लयीत डुलणारी, आणि आवाजात घाई म्हणून नाही. ज्याला तलत आवडतो त्याला हे आवडायला फार वेळ लागू नये असा माझा अंदाज.

बघा, भगवानदादांपासून केप व्हर्डेपर्यंत आलो आणि कुठेही अचानक परक्या घरात शिरल्यासारखं झालं नाही. असाच धागा तुम्ही आर. डीं.वरून ब्राझीलला नेऊ शकता, नुसरतवरून कोक स्टुडिओला नेऊ शकता. नाव वाचायचं, मागे कोण वाजवतंय ते बघायचं, त्या माणसाने अजून कुठे वाजवलंय ते शोधायचं. आणि धागेबिगे नको, नुसतं भटकायचं असेल तर रेडिओ गार्डन म्हणून एक फुकट वेबसाइट आहे, पृथ्वीचा गोल फिरवायचा आणि हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवायचं, तिथल्या गावातलं रेडिओ स्टेशन त्या क्षणी जे लावतंय ते ऐकू येतं. रविवारी दाढी करताना लावा, जाहिरातीसुद्धा मजेशीर वाटतात.

मुलाला सांगा कान संपत नसतो.

बाळ झाल्यापासून माझ्या अकाउंटची वाट लागलीये. तीन वर्षं फक्त बडबडगीतं आणि पावसाचा आवाज. आता मला ॲप सुद्धा हेच सुचवतं. माझी आवड कुठे गेली? — नवी आई, ठाणे

कुठे गेली नाही, मशीनला तुम्ही आणि बाळ एकच व्यक्ती वाटताय. स्पॉटिफायसारख्या ॲपचं बरंचसं काम असं चालतं की तुम्ही जी गाणी ऐकता तीच अजून कोण ऐकतं ते बघायचं आणि त्यांच्याकडे आहे पण तुमच्याकडे नाही ते तुमच्या पुढ्यात टाकायचं. तुम्ही बडबडगीतं ऐकता, तर बडबडगीतं ऐकणाऱ्या बाकी घरांत जे वाजतं तेच येणार, म्हणजे अजून बडबडगीतं.

बाळाची सगळी गाणी एका प्लेलिस्टमध्ये ढकला आणि त्या प्लेलिस्टच्या तीन टिंबांत जाऊन ती टेस्ट प्रोफाइलमधून, म्हणजे ॲपने ठेवलेल्या तुमच्या आवडीच्या नोंदीतून, वगळा. झोपवताना प्रायव्हेट सेशन चालू करायची सवय लावा. यूट्यूबला हिस्ट्री पॉज करता येते, जुनी पुसताही येते, आणि बाळासाठी किड्सचं वेगळं ॲप आहेच. मग पंधरा दिवस स्वतःची जुनी आवडती गाणी मुद्दाम पूर्ण ऐका, अर्धवट सोडू नका.

मशीनला नुसत्या शिव्याही नका घालू. मारिया ताकेउची या जपानी गायिकेचं 1984 चं 'प्लास्टिक लव्ह' कोणीतरी 2017 मध्ये यूट्यूबवर टाकलं, परवानगी न घेता, वर फोटोही तिच्या दुसऱ्याच रेकॉर्डचा, आणि यूट्यूबने ते का कोण जाणे जगभरच्या लोकांना बाजूच्या पट्टीत सुचवायला सुरुवात केली. जपानी न येणाऱ्यांची कोट्यवधी व्ह्यूज. त्यातून सिटी पॉप, म्हणजे जपानचं ऐंशीच्या दशकातलं शहरी पॉप, सगळं पुन्हा उकरून निघालं. बाळ झोपलं की ऐका, गाडी चालवत असल्यासारखं वाटतं.

मला आनंद शिंदे, कोळीगीतं, हळदीची गाणी मनापासून आवडतात. ऑफिसमधले मित्र इंडी, लो-फाय वगैरेवाले, माझी प्लेलिस्ट चुकून स्पीकरला लागली तर 'काय चीप ऐकतो यार' म्हणून हसले. तेव्हापासून मी लपवून ऐकतो. — 27, ऐरोली

लपवून? अरे, प्रल्हाद शिंदे, मग आनंद-मिलिंद, मग आदर्श, तीन पिढ्या महाराष्ट्र ज्या घराच्या आवाजावर विठ्ठल, भीम, गणपती आणि हळद हे सगळं करतोय, ते तू लपवून ऐकतोस?

चीप हा शब्द गाण्याला कमी आणि ते जिथे वाजतं त्या वस्तीला जास्त लागतो, हे मी स्पष्टच बोलतो. फ्रान्समध्ये पिएर बूर्द्यू नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1979 मध्ये यावर जाडजूड पुस्तक लिहिलंय, की माणसाची अभिरुची त्याच्या वर्गावरून ठरते आणि 'आमची आवड वरची' असं म्हणून लोक स्वतःची जागा दाखवत असतात. आपल्याकडे वर्गासोबत जात पण आहे. भीमगीतं कॅसेटवर लाखोंनी ऐकली गेली, तरी 'मराठी सुगम संगीत' म्हटलं की त्यांचं नाव पहिल्या दमात किती जण घेतात? आणि हेच मित्र 2016 मध्ये 'झिंगाट'वर नाचलेच असतील, तेव्हा 'सैराट'चा ऑर्केस्ट्रा हॉलिवूडमध्ये रेकॉर्ड झालाय म्हणून ते चीप नव्हतं, ढोल-ताशा तर तोच होता.

तू त्यांचं लो-फाय पण ऐक, वाईट नसतं, काम करताना बरं वाटतं. पण तुझी प्लेलिस्ट स्पीकरला लाव, आणि कोणाच्यातरी हळदीपर्यंत थांब. कोण आधी नाचायला येतो ते बघून मला कळव.

मित्र रोज पाच-सहा गाण्यांच्या लिंक पाठवतो. एकही ऐकली जात नाही. मग विचारतो, कशी वाटली? काय सांगू? — सांगली

सांगा की आठवड्याला एकच पाठव, आणि त्यातलं नेमकं कितव्या मिनिटाला काय होतं ते लिहून पाठव. त्याचं पाठवणं आपोआप कमी होईल, आणि जे येईल ते तुम्ही ऐकाल.

मी डब्लिनला असते. ऑफिसात दर शुक्रवारी एकेकाने आपल्या देशातलं एक गाणं लावायचं असतं. पुढच्या शुक्रवारी माझा नंबर. ब्राझीलची, पोलंडची, नायजेरियाची मंडळी आहेत. मराठीच लावायचंय. कोणतं? — डब्लिन

मराठीच, हे उत्तम. 'आपली संस्कृती दिसेल' असं गाणं मात्र शोधू नका, त्या ओझ्याखाली गाणं दबतं. भाषा न येणारा माणूस शब्दांवर जगणारं गाणं ऐकताना पहिल्या कडव्यालाच मोबाइल काढतो, म्हणून भावगीत नको, कितीही जीव असला तरी, ते तुमच्यासाठी रात्रीला ठेवा. त्याला लय आणि आवाज पोचतो. सुलोचना चव्हाणांची एखादी लावणी घ्या. ढोलकी सुरू झाली की नायजेरियावाला मान हलवणार म्हणजे हलवणार, आणि सुलोचनाबाईंचा तो खटका, शब्दाच्या शेवटी आवाज असा मोडून टाकतात ना, तो कळायला मराठी यावं लागत नाही. लावण्याआधी एवढंच सांगा की डावीकडच्या हाताचा घुमणारा आवाज आणि उजवीकडचा टणत्कार हे दोन्ही एकाच वाद्याचे आहेत. लोकांना काय ऐकायचं ते एक सांगितलं की ते कान लावून बसतात.

लॅपटॉपच्या स्पीकरवर लावू नका, ढोलकीची डावी बाजू त्यात पूर्ण मरते, कोणाकडून तरी बरा स्पीकर मागून घ्या. आणि ब्राझीलवालीला म्हणावं, पुढच्या शुक्रवारी तुझं.